पेटी पुंडलिकरावांना विसरत नाही

मृत्यू हे माणसाच्या वाटेवरचं शेवटचं दार आहे. राजा असो की रंक, त्या दारापलीकडे गेलेला माणूस मागे फिरून पृथ्वीवरचं दुसरं कुठलंही दार उघडत नाही. ऋषिमुनींपासून विमा एजंटांपर्यंत सगळ्यांचं यावर एकमत आहे.

महागावच्या पूसकाठ शेतकरी सोसायटीच्या बियाणे गोदामाचं दार मात्र तिथूनच निवृत्त झालेल्या पुंडलिकरावांनी स्वतः वारल्याच्या दुसऱ्याच दिवशी, बाजाराच्या भर दुपारी उघडलं आणि ट्रॉलीभर सोयाबीन बियाणं घेऊन ते निघून गेले. निदान दाराचं म्हणणं तसं होतं. दार बोलकं होतं आणि स्वतःच्या बॅटरीवर चालायचं. नाव आणि पिन टाकला की आतली बाई गोड आवाजात नमस्कार करून कडी सोडायची. त्या दुपारी ती म्हणाली होती, "नमस्कार, पुंडलिकराव."

चौकशीला यवतमाळच्या मुख्य कचेरीतून वच्छलाबाई गावंडे आल्या. बाईंना यंत्रांतलं काही कळत नसे. माणसांतलं जरा जास्तच कळे, त्यामुळे त्यांना नातेवाईक कमी होते. कोणी चहात साखर जास्त घातली तरी त्या विचारात पडत, की हा माणूस नेमकं काय लपवतोय?

फाटकावर किसनराव चौकीदार बसला होता. गळ्यात नवाकोरा काळा दोरा.

"मॅनेजर आहेत का?"

"जेवाले गेले," किसनराव म्हणाला.

मॅनेजर गोपालराव त्याच्या पाठीमागच्या खिडकीत उभे राहून बाईंना हात हलवत होते.

"ते कोण मग?"

किसनरावनं मान वळवून पाहिलं. "अरे बाप्पा! आले वाट्टे. या टायमाले साहेब जेवाले जातेत ना रोज, म्हणून सांगतलं."

"जाऊन बघायचं की."

"परत्येकासाठी उठून पाहाले गेलो तर फाटकावर कोण बसन, मॅडम?"

बाईंना हे उत्तर आवडलं नाही, पण त्यात काही चूकही सापडेना.

आत गोपालरावांनी प्रकरण आधीच सोडवून ठेवलं होतं. चार वाजता संचालकांची बैठक होती. तिच्यात गोदामपाल रंजिता आडेला कामावरून काढायचं आणि तिथूनच पोलिसात द्यायचं, हे ठरल्यासारखंच होतं. बाईंनी फक्त सही करायची.

"रंजिताच का?"

"गणित आहे, मॅडम." गोपालरावांनी खुर्ची पुढे ओढली. त्यांना गणित म्हटलं की घसा साफ करायची सवय होती. "गोदाम दोनच तऱ्हेनं उघडतं. एक, नाव आणि पिन टाकून. दुसरी, लोखंडी किल्ली. पुंडलिकराव शिमग्याच्या आसपास रिटायर झाले, तेव्हाच त्यांचं नाव यवतमाळच्या सर्व्हरवरून कमी झालं. म्हणजे नावानं दार उघडूच शकत नाही. राहिली किल्ली. ती रंजिताच्या गळ्यात."

"पण दार बोललं ना, नमस्कार पुंडलिकराव म्हणून?"

"ते ऐकलं कोणी? किसननं. तो झोपला होता. स्वप्नात मला तर पालकमंत्री भेटतात."

"नाव खरंच कमी झालंय?"

"तुमच्या डोळ्यांदेखत दाखवतो." गोपालरावांनी कॉम्प्युटरवर पुंडलिकरावांचा कर्मचारी नंबर टाकला. यवतमाळला विचारणा गेली. चक्र फिरलं, फिरलं, आणखी फिरलं. शेवटी पाटी आली: असा कर्मचारी नाही.

"पाहिलं?" गोपालराव म्हणाले. "आणि एवढ्यात..."

एवढ्यात लाईन गेली. कॉम्प्युटर मेला, बाईंच्या डोक्यावरचा पंखा कण्हत थांबला. मे महिन्यातलं महागाव खिडकीतून आत आलं आणि ठाण मांडून बसलं. गोपालरावांचा पंखा मात्र फिरतच होता.

"इन्व्हर्टर," ते ओशाळून म्हणाले. "दोनच पॉइंटाचा आहे. एक माझ्याकडे."

"दुसरा?"

"तो आमच्या संजयरावांना विचारा. कलियुगातला दधीची आहे हा माणूस."

संजय टेकाळे आस्थापना सांभाळायचा. नेमणूक, बदली, निवृत्ती, सगळी पत्रं यवतमाळला तोच पाठवायचा. पलीकडच्या टेबलाशी तो एका पुठ्ठ्यानं वारा घेत बसला होता. सदरा पाठीला चिकटलेला, चेहऱ्यावर स्मित. त्याच्या टेबलामागे भिंतीवर एक लहानशी पेटी होती. तिचा हिरवा दिवा लाईन जाऊनही मजेत लुकलुकत होता.

"दुसरा पॉइंट आधी माझ्या पंख्याचा होता, मॅडम," संजय म्हणाला. "पण म्हटलं, आपण काय, पुठ्ठ्यानं भागवू. पेटी बंद पडली की गोदामाचं दार अडते, शेतकरी उन्हात ताटकळते. म्हणून पेटीले देऊन टाकला."

"थोडा वेळ पंख्याला लावा की. मला चक्कर आल्यासारखं होतंय."

संजयनं हात जोडले. "तेवढं नका सांगू, मॅडम. साहेबाच्या सासऱ्यालेही मी नाही म्हटलं होतं."

गोपालरावांनी मान हलवून दुजोरा दिला. सासऱ्यांना त्या दिवशी ऊन लागलं होतं म्हणे.

संजय पुढे वाकला, आवाज खाली आणला. "एक सांगू? रंजितावर फार कडक होऊ नका. चूक कोणाच्या हातून होत नाही? तांड्यातली पोरगी, गरिबी पाहिलेली."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. एवढा चांगला माणूस त्यांनी बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता. त्यांना अस्वस्थ वाटू लागलं.

रंजिता गोदामाच्या पायरीवर बसली होती. विशीच्या पुढची, ताठ मानेची. फुलसावंगीजवळच्या तांड्यातून रोज यायची. गळ्यात काळ्या पोतीशेजारी लोखंडी किल्ली.

"बाजाराच्या दिवशी कुठे होतीस?"

"सुट्टी घेतलती, मॅडम. याडीचा, म्हंजे सासूचा, बीपी वाढला होता. दवाखान्यात नेलं तिले."

"साक्षीला कोण?"

"सासू, नवरा. साहेब म्हणते, घरचे लोक साक्षी नाही होत."

"किल्ली कोणाला दिली होतीस?"

"किल्ली मी आंघोळीलेही काढत नाही. गंज लागून राह्यला तिले माह्या घामानं." तिनं किल्ली पुढे केली. लागला होता खरा. मग किल्ली मुठीत धरून ती म्हणाली, "मॅडम, खुर्चीवर बसून नोकरी करणारी माह्या तांड्यातली मी पह्यली. सासूनं सगळ्यायले पेढे वाटलते. आता चोर म्हणून घरी गेलो तर ते पेढे कोण वापस करन?"

चौकशी अधिकाऱ्यानं धीर देऊ नये असा नियम आहे, आणि बाई नियमाच्या पक्क्या होत्या. त्यांनी फक्त आपली पाण्याची बाटली तिच्यापुढे ठेवली.

मग त्यांनी किसनरावला लिंबाखाली गाठलं.

"काय ऐकलं, नीट सांगा."

"मी इथंच झोपून राह्यलो होतो. सगळे बाजारात गेलते. दार म्हणलं, नमस्कार पुंडलिकराव. म्या म्हणलं, आला असन बुढा भेटाले."

"उठून पाहिलं का नाही?"

"उठलो असतो तर चहा पाजा लागला असता."

"मग?"

"मंग ट्रॅक्टरचा आवाज आला. बाजाराच्या दिवशी ट्रॅक्टर येतेच. संध्याकाळी मुकुटबनहून निरोप आला, का बुढा आदल्या दिवशीच लेकीकडं वारला. जिल्ह्याच्या पार त्या टोकाले! तवापासून माह्या अंगातला ताप जात नाही, मॅडम."

"पुंडलिकरावांचा पिन कोणाला माहीत होता?"

"कोणाले नव्हता ते इचारा. बुढ्याले ऐकू कमी ये. पिन टाकतानी वरडायचा, चार-आठ-चार-आठ! बसस्टँडवरचे लोक घड्याळ मिळवत."

"दारात त्यांचं नाव टाकून कोणी पाहिलं का? उघडतं की नाही?"

किसनरावनं दोन्ही कानांना हात लावले. "तेरवी व्हायची हाय अजून! मेलेल्याचं नाव दारात घेते काय कोणी? बलावल्यासारखं होते. साहेबही नाही म्हणले."

म्हणजे तपास झाला तो एवढाच, की यवतमाळला नंबर विचारला. ज्या दारातून चोरी झाली, त्या दाराला कोणी काही विचारलंच नव्हतं. महागावच्या सुशिक्षित कचेरीत एका मृताचं नाव टाइप करायची कोणाची छाती झाली नव्हती.

"रंजिता," बाई म्हणाल्या, "मला टाइप करता येत नाही. तू कर."

रंजितानं एकदा किल्लीला हात लावला, एकदा आभाळाकडे पाहिलं आणि नाव टाकलं. मग चार-आठ-चार-आठ.

"नमस्कार, पुंडलिकराव," दार म्हणालं आणि उघडलं.

किसनराव खाली बसला. रंजिता मात्र उभी राहिली, आल्यापासून पहिल्यांदा नीट उभी.

आत अजून बऱ्याच थैल्या होत्या. पेरणीला अवकाश होता.

बाईंनी लिंबाखालूनच यवतमाळच्या कचेरीतल्या कॉम्प्युटरवाल्या कपिलला फोन लावला. ती पेटी त्यानंच बसवली होती. संशयितांत बाईंनी त्यालाही धरलं होतं, पण तो त्या दिवशी त्यांच्याच कचेरीत त्यांचाच प्रिंटर बिघडवत होता.

"कपिल, त्या पेटीचं काम काय? मला कळेल असं सांग."

"मॅडम, ती कॅशिंग प्रॉक्सी आहे."

"मला कळेल असं म्हटलं होतं."

"बरं. यवतमाळच्या सर्व्हरवर सगळ्यांची डिरेक्टरी आहे. कोणाचं नाव काय, पिन काय, कोणाला कुठलं दार. आता महागावची इंटरनेटची लाईन म्हणजे बैलगाडी. दर वेळी दार यवतमाळला विचारत बसलं तर माणूस उन्हात वाळून जाईल. म्हणून मधे पेटी. दार पेटीला विचारतं, हा माणूस आपला आहे का? पेटी पहिल्या वेळी यवतमाळला विचारते आणि उत्तर लक्षात ठेवते. पुढच्या वेळी आठवणीतूनच सांगते."

बाईंनी फाटकाकडे पाहिलं. "म्हणजे किसनराव."

"कोण?"

"काही नाही. मग मॅनेजरच्या कॉम्प्युटरला पुंडलिकराव का सापडले नाहीत? तोही पेटीलाच विचारतो ना?"

"विचारतो पेटीलाच. पण पेटीत कुठल्या पद्धतीचे प्रश्न लक्षात ठेवायचे ते ठरवून द्यावं लागतं. मी फक्त नावाचे दिलेत, कारण दार नावच विचारतं. नंबरानं विचारलं की पेटी आठवण बघतच नाही, सरळ यवतमाळला पाठवते."

बाईंना पटलं. साहेब आहेत का म्हटलं की किसनराव बसल्या जागेवरून सांगतो. साहेबांच्या स्कूटरचा नंबर काय म्हटलं की त्याला उठून पाहावंच लागेल.

"पण आठवण किती दिवस ठेवायची? काही मुदत?"

फोनवर कपिल नुसताच खोकला.

"कपिल."

"मुदत असते, मॅडम. तासाभराची ठेवायला पाहिजे. मी... वर्षाची टाकली."

"वर्षाची!"

"मॅडम, महागाव आहे ते! रोज लाईन जाते. लाईन गेली की पेटीची आठवण पुसते, लाईन आली की कोरी पाटी. मी म्हटलं, मुदत आपण कशाला पाळायची, वीजमंडळ पाळतंय. आणि दोन वर्षं एकही तक्रार आली नाही."

"हे तिथं कोणाला सांगितलं होतं?"

"बसवली तेव्हा सगळ्यांना सांगितलं. दुपारी, जेवणानंतर. बहुतेक सगळे झोपले होते. एकानं मात्र प्रश्न विचारला, लाईन गेलीच नाही तर? कोण ते आठवत नाही. कोणी तरी ऐकतंय याचाच मला इतका आनंद झाला की तोंडाकडे पाहायचं राहिलं."

बाईंनी फोन ठेवला. किसनरावला एवढंच विचारलं, "ही पेटी इन्व्हर्टरवर कधीपासून?"

"पुंडलिकरावचा निरोपसमारंभ झाला ना, त्याच हप्त्यात. भजे उरले होते, म्हणून ध्यानात हाय."

चार वाजायला आले होते. लाईन अजून आली नव्हती. गोपालरावांच्या टेबलावर सहीचा कागद तयार होता.

"सही करते," बाई खुर्चीत टेकत म्हणाल्या, "पण एक बारीकसं काम राहिलंय. आता पुंडलिकरावांच्या नावानं दार उघडून पाहिलं. उघडलं."

गोपालरावांचं पेन खाली पडलं. "नाव कमी झालंय की!"

"यवतमाळला झालंय. या पेटीला ते अजून आठवतात. का, ते मला काही समजलं नाही. मी म्हातारी बाई. संध्याकाळी कपिल येतोय. पेटी उघडेल, तिला काय काय आठवतं ते सगळं काढेल. तोवर आपण बसू." आणि त्यांनी पदरानं कपाळ पुसलं. "उकाडा मात्र फार आहे बाई."

खोलीत गोपालरावांचा पंखा कुरकुरत होता. दाराशी रंजिता उभी होती, तिच्यामागे किसनराव.

"मॅडम," संजय उठला. "तुमच्यानं सहन होत नाही, आणि मी बघत बसलो. माणुसकी काही आहे की नाही? थांबा, पंखा लावतो तुमच्यावर." तो भिंतीकडे वळला. पेटीची इन्व्हर्टरमधली पिन धरली.

"संजयराव," बाई म्हणाल्या, "हात तिथंच राहू द्या. पिन ओढू नका. किसनराव, तुमचा ताप बाजूला ठेवा आणि यांचा हात धरा."

किसनरावनं धरला. मेलेल्यापेक्षा जिवंत माणूस धरणं त्याला बरंच सोपं वाटलं असावं.

"हे काय, मॅडम?" संजय हसला. "तुमच्यासाठीच तर..."

"दुपारी मला चक्कर येत होती, तेव्हा तुम्ही हात जोडलेत. साहेबांच्या सासऱ्यांना ऊन लागलं, तरी ही पिन हलली नाही. आणि आता, पेटीची आठवण कोणीतरी तपासणार म्हटल्याबरोबर माझी दया आली?"

"म्हणजे काय?" गोपालराव गोंधळले. "वारा घालणं हा गुन्हा आहे?"

"ऐका. लाईन गेली की ही पेटी सगळं विसरते. म्हणून दोन वर्षं इथं भानगड झाली नाही. कोणी रिटायर झाला की पुढच्या लोडशेडिंगला पेटी त्याला विसरायची. यंदा पुंडलिकराव रिटायर झाले आणि पेटी विसरलीच नाही. कारण त्याच हप्त्यात कोणीतरी तिला इन्व्हर्टर दिला. गोपालराव, मे महिन्यात महागावात आपला पंखा दुसऱ्याला देणारा माणूस तुम्ही कधी पाहिलाय? सख्ख्या भावाला कोणी देत नाही. यांनी भिंतीवरच्या डब्याला दिला."

"शेतकऱ्यांसाठी दिला," संजय म्हणाला. हसू अजून होतं, पण आता ते एकटंच होतं.

"लाईन गेल्यावर रंजिताची किल्ली होतीच की शेतकऱ्यांसाठी. मग पेटी जागी कशाला हवी? पुंडलिकरावांचं नाव कमी करायचं पत्र तुम्हीच यवतमाळला पाठवलं, म्हणजे तुमच्याकडे बोट नाही. पेटीत नाव जिवंत ठेवलं. पिन गावाला पाठ. बाजाराच्या दिवशी दार उघडायचं, बोभाटा झाला तर नाव म्हाताऱ्याचं. पण म्हातारा आदल्याच दिवशी गेला, आणि ते तुम्हाला संध्याकाळी कळलं. असं झालं ना?"

संजयनं हात सोडवून पाहिला, पण किसनरावची पकड सुटली नाही.

"मग भूत म्हणून लोक घाबरले. साहेबांनी नंबर टाकून नाव नाही हे सिद्ध केलं आणि सगळं रंजितावर गेलं. तुम्हाला बोटही उचलावं लागलं नाही. उलट तिची रदबदली केलीत. चोरी तिनंच केली असं धरून रदबदली करणारे तुम्ही एकटे."

"पण मग चोरीनंतर यानं पेटी लगेच बंद का नाही केली?" गोपालरावांनी पहिल्यांदाच कामाचा प्रश्न विचारला.

"गोदामात अजून थैल्या आहेत. पेरणीपर्यंत भाव आणखी चढेल. एका ट्रॉलीवर थांबणारा माणूस इतका घाम गाळत नाही."

रंजिता पुढे आली. "संजयभाऊ, थैल्या कुठं हायेत?"

संजयनं तिच्याकडे पाहिलं नाही. पेटीच्या हिरव्या दिव्याकडे पाहिलं. दिवा इमानदारीत लुकलुकत होता. "मेव्हण्याच्या कृषी केंद्रात," तो शेवटी म्हणाला. "मागच्या खोलीत. अजून विकल्या नाही."

"मले चोर म्हणतानी काही वाटलं नाही तुमाले?"

"मी कुठं म्हटलं? साहेब म्हणत होते."

गोपालरावांनी तयार ठेवलेला कागद फाडला, मग आपण नेमकं काय फाडलं म्हणून तुकडे जोडून पाहिले. रंजितानं गळ्यातली किल्ली काढून त्यांच्या टेबलावर आपटली. "घ्या. आता मोजून वापस द्या मले, सगळ्यायच्या समोर." त्यांनी उभं राहून दोन्ही हातांनी ती परत दिली. मोजायला एकच होती, तरी त्यांनी 'एक' म्हटलं.

ठाण्याला फोन गेला. हवालदार आले. संचालकही बैठकीसाठी जमले, आणि गोपालराव त्यांच्यापुढे घसा साफ करून म्हणाले, "मला पहिल्यापासूनच संशय होता." सत्य, निष्ठा आणि सहकार यांवर ते बराच वेळ बोलले. त्यांचा पंखा चालू असल्यामुळे त्यांना थांबायचं कारणही नव्हतं. पेटीची पिन मात्र कपिल येईपर्यंत हलवायची नाही, असं हवालदारांनी बजावलं. पुरावा होता तो. पुंडलिकराव त्या संध्याकाळपर्यंत नोकरीत राहिले.

हवालदार संजयला घेऊन निघाले. तो दाराशी पोचला, तेव्हा वच्छलाबाईंनी हाक मारली.

"संजयराव."

तो थांबला. सगळी खोली थांबली. गोपालरावांचं भाषणसुद्धा.

"तेवढा पुठ्ठा ठेवून जा," बाई म्हणाल्या. "लाईन काही इतक्यात येत नाही."